साक्ष दिल्याबद्दलचा नमुना क्रमांक तीन

श्रद्धा मनात असते आणि मन उघडून दाखवता येत नाही, ही मानवजातीची फार जुनी अडचण आहे. भल्याभल्यांना तिच्यावर उपाय सापडला नाही. आमच्या मंडळीच्या कमिटीला तो सन १९७६च्या मार्च महिन्यात, चहाच्या आधीच सापडला. मन दाखवता येत नसले तरी फॉर्म दाखवता येतो.

आमची मंडळी म्हणजे पिंपरी आणि भोसरीच्या मधल्या पट्ट्यातली, पत्र्याच्या छपराखाली भरणारी, अठ्ठावन्न प्रौढ सभासदांची ख्रिस्ती मंडळी. बहुतेक कुटुंबे कारखान्यांतल्या नोकरीसाठी नगर जिल्ह्यातून आलेली. मी या मंडळीचा चिटणीस. (पद मानाचे आहे. मान कोणी द्यायचा हे घटनेत लिहायचे राहून गेले आहे.)

झाले असे, की आमचे पाळक अण्णासाहेब यांनी एका रविवारी उपदेशात सांगितले, ‘‘विश्वास हा काय रविवारचा इस्त्रीचा सदरा आहे, की उपासना झाली की खुंटीला? मशीनवर, नळावर, बसच्या रांगेत, जिथं आपण रोज जगतो तिथं शेजाऱ्याला तो कळला पाहिजे.’’ उपदेश उत्तम होता. एरवी उत्तम उपदेशानंतर आम्ही घरी जाऊन जेवतो. पण त्या वर्षी सगळ्या देशातच शिस्तीचे वारे होते, बसगाड्यासुद्धा वेळेवर धावत (असे पेपरात येई). तेव्हा नुसते जेवून भागण्यासारखे नव्हते. कमिटीने ठराव केला.

ठराव असा, की प्रत्येक प्रौढ सभासदाने दरमहा किमान चार बिगरख्रिस्ती व्यक्तींना आपल्या विश्वासाची साक्ष द्यावी, आणि प्रत्येक साक्षीबद्दल नमुना क्रमांक तीन भरून ऐकणाऱ्याच्या सहीनिशी चिटणिसाकडे द्यावा. एक आणि दोन क्रमांकाचे नमुने नव्हते. पण एकपासून सुरुवात केली की संस्था नवखी वाटते, असे कमिटीचे अध्यक्ष दौलतराव साळवे यांचे म्हणणे पडले. दौलतराव एका मोठ्या कंपनीत सुपरवायझर होते आणि कामगाराला नुसते पाहून त्याच्या कामाचा रकाना सांगत.

नमुन्यात साक्ष देणाऱ्याचे नाव, ऐकणाऱ्याचे नाव, ठिकाण, लागलेली मिनिटे आणि ‘ऐकणाऱ्यावरील परिणाम’ असे रकाने होते. परिणाम संक्षेपाने लिहायचा होता: अ म्हणजे रडला, ब म्हणजे हसला, क म्हणजे ‘विचार करतो’ म्हणाला, ड म्हणजे निघून गेला आणि इ म्हणजे बस आली.

पहिल्या महिन्यात दोनशे बत्तीस साक्षी अपेक्षित होत्या. सत्त्याण्णव आल्या आणि त्यांपैकी चौसष्टांचा परिणाम ‘इ’ होता. आमच्या रस्त्याने इतक्या बसगाड्या त्याआधी कधी आल्या नव्हत्या आणि नंतरही आल्या नाहीत.

अडचण सांगणाऱ्यांची नव्हती, ऐकणाऱ्यांची टंचाई होती. कॅन्टीनमध्ये आमच्यापैकी कुणी ताट घेऊन बसले की बाकावरची माणसे भात टाकून उठू लागली. नळावर आमच्या मंडळीतल्या इंदुताईंनी हंडा टेकवला की पुढची रांग आपोआप विरळ होई. (त्यांना पाणी लवकर मिळू लागले. मोहीम कायम ठेवावी असे लेखी मत त्यांनी एकट्यांनीच दिले.) लोकांचा आमच्या धर्मावर राग नव्हता. त्यांचे म्हणणे एवढेच होते, की सांगायचे तर सांगा, पण सांगताना आमच्याकडे बघा, खिशातल्या फॉर्मकडे बघू नका.

अशा वेळी धोंडीबाचा शोध लागला.

धोंडीबा हा दौलतरावांच्याच कंपनीच्या गेटवरचा वॉचमन. मूळचा इथलाच, पन्नाशीचा, मिशा पिकलेला माणूस. जिथे कंपनी उभी होती तिथे पूर्वी त्याचेच शेत होते, त्यामुळे राखणीचा अनुभव दांडगा. श्रोता म्हणून त्याच्यात तीन गुण एकत्र आले होते. त्याला चौथीपर्यंतचे अक्षर येत असल्याने सही करता येई; त्याचा स्वभाव गरीब होता; आणि ड्यूटीवर असल्यामुळे त्याला गेट सोडून कुठेही जाता येत नसे.

जूनच्या मध्यापर्यंत एकट्या धोंडीबाने तीनशे बारा साक्षी ऐकल्या. पाळी सुटली की सायकली भिंतीला लावून आमचे सभासद गेटपाशी रांगेने उभे राहत. दौलतरावांची साक्ष ते दारूच्या नशेत पडले आणि तिथून प्रभूने त्यांना कसे उठवले, याविषयी होती. ती त्यांनी धोंडीबाला अकरा वेळा दिली. अकराव्यांदा धोंडीबा सही करता करता म्हणाला, ‘‘सायेब, मागल्या येळंपातूर तुमी लिंबाखाली पडला व्हता. आज गटारात पडलाव.’’ दौलतरावांनी परिणामाच्या रकान्यात ‘क’ लिहिले.

आता ज्योतीराम रणभिसे यांच्याविषयी. ज्योतीराम भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये मिलिंग मशीनवर होता. बोलण्याचा त्याला जन्माचा संकोच. तोवरच्या तेरा वर्षांत मंडळीत तो ‘आमेन’ एवढेच बोलला होता, आणि तेही दोनदा उशिरा. तीन महिन्यांत त्याच्याकडून एकही नमुना आलेला नव्हता. मी रिवाजाप्रमाणे त्याला स्मरणपत्रे दिली. ती त्याने नीट घडी घालून बायबलात ठेवली.

एवढ्यावर भागले असते. पण त्याची मुलगी नीला त्या वर्षी दहावी पास झाली. तिला नर्स व्हायचे होते. मिशनच्या दवाखान्यातल्या शिक्षणासाठी पाळकांचे शिफारसपत्र तीस जूनच्या आत पोचायला हवे होते. आणि कमिटीचा ठराव क्रमांक नऊ असा, की ज्या कुटुंबप्रमुखाचे नमुने अपुरे, त्या कुटुंबातल्या कुणालाही शिफारसपत्र देऊ नये. (ठराव मीच लिहिला होता. भाषा अजूनही निर्दोष वाटते.)

नीलाने बापाला एका शब्दाने विचारले नाही. तिने फक्त पांढरी साडी नेसायचा सराव थांबवला. ज्योतीरामला ते दिसले.

सोमवारी पहिली पाळी सुटल्यावर तो बारा कोरे नमुने घेऊन धोंडीबाच्या गेटवर आला. त्या दिवशी दुसरे कुणी नव्हते. तो उभा राहिला. पाच मिनिटे झाली, दहा झाली. शेवटी धोंडीबानेच हात पुढे केला.

‘‘आना हिकडं. किती हायेत? बारा? करून टाकतो सह्या. सांगायचं ऱ्हाऊ द्या, मला समद्यांचं पाठ हाय.’’

‘‘नको,’’ ज्योतीराम म्हणाला. ‘‘खोटं व्हईल.’’

‘‘मंग सांगा.’’

ज्योतीरामने सांगायला तोंड उघडले. घरून पाठ करून आणलेले वाक्य त्याला आठवेना. समोर धोंडीबा वाट पाहत होता आणि काहीतरी बोलणे भाग होते, म्हणून तो जे बोलता येते ते बोलला.

‘‘घरी… घरी बरं हाय ना समदं?’’

धोंडीबाने पेनाचे टोपण लावले. स्टूल पुढे ओढून म्हणाला, ‘‘बसा.’’

मग तो दीड तास बोलला. त्याच्या बायकोच्या, सरूबाईच्या, पोटात गाठ होती. डॉक्टरने ऑपरेशन सांगून दोन महिने झाले होते आणि ती तयार होत नव्हती. लेक नाही. मुलगा आणि सून सुरतेला. धोंडीबाला रजा मिळत नव्हती. ‘‘ती म्हनती, मरनाला मी भीत न्हाई. पर त्या एवढ्या मोठ्या दवाखान्यात डोळं उघडल्यावर समोर वळखीचं तोंड नसंल, त्याला भिती. आता ह्याच्यावर मी काय बोलावं?’’

ज्योतीरामने विचारले, ‘‘हे कुनाला सांगितलं न्हाई?’’

‘‘कुनी इचारलं न्हाई,’’ धोंडीबा म्हणाला. त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. सायकली किती गेल्या, किती आल्या, हे सांगावे तसे त्याने सांगितले.

ज्योतीराम घरी आला आणि त्याने हे बायकोला सांगितले. कस्तुरा लग्नाआधी मिशनच्या दवाखान्यात आया होती. तिने सगळे ऐकून घेतले आणि चुलीवरचे कालवण उतरवून विचारले, ‘‘त्या बाईंना तिखट चालतं का?’’ दुसऱ्या दिवशी ती सरूबाईंच्या घरी गेली. तिसऱ्या दिवशी दोघी पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात गेल्या. कस्तुरा तिथे अठरा दिवस राहिली.

इकडे मंडळीत मात्र गंभीर पेच निर्माण झाला.

कारण ज्योतीरामने एक नमुना भरून दिला होता. साक्ष देणाऱ्याचे नाव: धोंडीबा. ऐकणाऱ्याचे नाव: ज्योतीराम रणभिसे. ठिकाण: गेट. मिनिटे: नव्वद. ऐकणाऱ्यावरील परिणाम: अ.

सत्तावीस जूनच्या रविवारी उपासनेनंतर या नमुन्यावर कमिटीत तीन तास चर्चा झाली. बिगरख्रिस्ती माणसाने ख्रिस्ती माणसाला साक्ष दिल्याचा प्रकार आमच्या नोंदीत पहिलाच होता. ही साक्ष धरायची कशी? दौलतरावांनी तर्कशुद्ध भूमिका मांडली: आपण त्यांना सांगितले तर एक धरतो, त्यांनी आपल्याला सांगितले तर उणे एक धरले पाहिजे. त्यानुसार ज्योतीरामची तूट बारावरून तेरावर गेली. मी ती नोंदवली. नव्वद मिनिटे फार लांबल्याने उणे दीड धरावे, अशी एक उपसूचना आली होती, पण कमिटीने दयाबुद्धीने ती फेटाळली.

ज्योतीराम मागच्या बाकावर बसला होता. दौलतरावांनी विचारले, ‘‘आपल्याला काही म्हणायचंय?’’

तो उभा राहिला. पुन्हा बसला. मग बसूनच म्हणाला, ‘‘पोरीचं काय चुकलं?’’

हा मुद्दा विषयपत्रिकेवर नसल्याने घेता आला नाही.

सोमवारी दुपारी अण्णासाहेब एकटेच सायकलवरून धोंडीबाच्या गेटवर गेले. हा भाग त्यांनी मला नंतर स्वतः सांगितला.

त्यांनी विचारले, ‘‘ज्योतीरामनं तुम्हाला काय सांगितलं?’’

‘‘कायबी न्हाई.’’

‘‘प्रभूबद्दल काही? बायबलातलं?’’

‘‘न्हाई बा. त्यो ऐकत व्हता. डोळं पुसत व्हता.’’ मग धोंडीबाने पाळकांच्या झग्याच्या खिशाकडे पाहिले आणि त्यांना वाईट वाटू नये म्हणून म्हणाला, ‘‘तुमाला सांगायचंय का काही? सांगा की. फारम आनलाय न्हवं?’’

अण्णासाहेबांनी सायकल वळवली. ते परत आले. कमिटीला न विचारता, माझ्या शिक्क्याशिवाय, त्यांनी हाताने शिफारसपत्र लिहिले. त्यात एकच वाक्य होते: ‘ही मुलगी ज्या घरातून येत आहे, त्या घरातली माणसे दुसऱ्याचे ऐकून घेतात.’ नीला एकोणतीस तारखेच्या एसटीने ते स्वतः घेऊन गेली. तिला प्रवेश मिळाला. इतिवृत्तात आम्ही या घटनेची ‘अपवाद क्रमांक एक (पुढे उदाहरण म्हणून दाखवू नये)’ अशी नोंद केली.

आमच्या कमिटीला चुकीतून शिकता येत नाही असे कुणी समजू नये. जुलैमध्येच नमुना तीन रद्द होऊन नमुना चार निघाला. आता प्रत्येक सभासदाने दरमहा चार व्यक्तींना ‘घरी सगळे बरे आहे ना?’ असे विचारायचे होते. रकाना एकच: विचारले, होय किंवा नाही. उत्तरासाठी जागा ठेवलेली नव्हती, कारण त्याने कागद वाढतो. पहिल्या आठवड्यात सत्तेचाळीस सभासदांनी धोंडीबाला हा प्रश्न विचारला आणि तो तोंड उघडायच्या आत सही घेतली. महिनाअखेर त्याने मागच्या गेटवर बदली मागून घेतली. तिथे भंगाराच्या गाड्या येतात. भंगारवाले फारसे बोलत नाहीत.

ही हकीकत मी गेली सहा वर्षे लोकांना सांगत आलो आहे. लग्नात, दुःखाच्या घरी, बसच्या रांगेत. सगळ्यांना आवडते. सगळे हसतात. ‘आमच्याकडे असाच एक दौलतराव आहे’ असे आजवर पंचेचाळीस जणांनी सांगितले. ‘तो मीच’ असे एकानेही सांगितले नाही. पुष्कळांनी नीलाची चौकशी केली (ती आता सिस्टर आहे). मोहिमेचे पुढे काय झाले हेही लोक आवर्जून विचारतात. परवा एका प्राध्यापकांनी तर नमुना चारची एक प्रत मागून नेली.

सरूबाईंचे काय झाले, हे मात्र त्यांतल्या एकालाही विचारावेसे वाटले नाही. मलाही वाटले नव्हते. सात महिन्यांनी कस्तुराच आपणहून बोलली, तेव्हा मला कळले. आणि आपणही, वाचकहो, उणे एकचा हिशेब झाला, पत्र गेले, नमुना चार निघाला, तरी मजेत इथपर्यंत आलात.

बऱ्या आहेत. गाठ निघाली. शुद्धीवर आल्यावर समोर कस्तुरा होती. मी हे मघाशीच सांगणार होतो, पण म्हटले, कुणीतरी विचारील.