सिद्रामप्पांचं नाक

आमच्या पेठेत सकाळी कुणाच्याही घरात आधी सिद्रामप्पांचं नाक येई आणि मागाहून सिद्रामप्पा. दाराशी उभे राहून ते एक दीर्घ श्वास घेत आणि निकाल देत, "मास्तर, तुराट्या जळत्यात. भ्यायचं काम न्हाय." आम्ही कुणीच भ्यालेलो नसायचो. "वैनींची डाळ मात्र लागली बगा," असं म्हणून ते पुढच्या घरी जात, आणि डाळ खरोखरच लागलेली असे. आमच्या सौभाग्यवतींचा त्यांच्यावर राग होता तो यामुळेच.

पण हा अधिकार त्यांना पेठेनेच दिला होता. चौकातल्या लिंबाला रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. आग दिसली की हातोडीने त्यावर टोले द्यायचे. मग लोक बादल्या घेऊन धावत आणि नगरपालिकेचा बंब येई. आमची वस्ती विणकरांची. घरोघर सूत, आणि त्या सुताला लावायची खळ घरोघर चुलीवर शिजत असलेली. त्यामुळे जरा धूर दिसला की जो तो टोले देई. एकदा तर आम्ही सगळ्यांनी मिळून लग्नाच्या भाताचं चुलवण विझवलं आणि वऱ्हाड उपाशी ठेवलं. बंबाबरोबर आलेल्या साहेबांनी त्या दिवशी बजावलं, "आणखी एक खोटा टोल, की रूळ काढून नेईन." रूळ गेला तर खऱ्या आगीची वर्दी मिळायची कशी? म्हणून जिनिंग कारखान्यात, कापूस पेटण्याच्या धास्तीत, जन्म घालवलेल्या सिद्रामप्पांकडे हातोडी आली. त्यांनी वास घेतल्याशिवाय टोल नाही, असं ठरलं. ती हातोडी कमरेला खोचून ते देवळातसुद्धा जात.

त्यानंतर खोटा टोल म्हणून झाला नाही. आणि एका सकाळी रूळ वाजला. मी बादली उचलून धावलो. अप्पा जिवाच्या करारावर टोले देत होते, पण आभाळ स्वच्छ होतं.

"कुटं हाय आग?" लोक विचारू लागले.

"आग न्हाय. नरसव्वाच्या घरातनं धूर न्हाय."

नरसव्वा म्हणजे कोपऱ्यावर एकटी राहणारी, तेलुगू वळणाची मराठी बोलणारी विणकर म्हातारी. अप्पा म्हणाले, "झुंजूमुंजू व्हायला खळ ठेवती ती. आता उनं आली. लई हाका मारल्या. आतनं कडी हाय, मला एकट्याला दार हलंना."

आम्ही दार उचकटलं. म्हातारी मागाशेजारी तापाने बेशुद्ध पडली होती. वैद्य येऊन काढा पाजतात तोवर बंबही येऊन ठेपला. अप्पांनी हातोडी साहेबांपुढे धरली.

"साहेब, टोल खोटा हाय. चूक माजी हाय. मला काढा, पर रूळ ऱ्हाऊ द्या."

साहेबांनी आत डोकावून बघितलं, हातोडी स्वतःच्या हाताने अप्पांच्या कमरेला परत खोचली आणि बंब वळवायला सांगितला.

आठवड्याभराने नरसव्वा उंबऱ्यात येऊन बसू लागली. मला हाक मारून म्हणाली, "मास्तर, अप्पाचे घरात धूर कदी येतो? मी तर कदी बगितली न्हाय."

मी समोर बघितलं. अप्पांच्या धुराड्याला जळमटं लागली होती. बायको गेल्यापासून हा माणूस खानावळीची भाकरी दोन्ही वेळा पुरवून खात होता, आणि रोज आमची चूल हुंगणाऱ्याला त्याच्या चुलीचं आम्ही कधी विचारलं नव्हतं. मला फार लाज वाटली.

दुसऱ्याच दिवशी आमची ही धावत आली. "अहो, अप्पांच्या घरातून धूर येतोय."

मी रुळाकडे पळालो, पण हातोडी अप्पांच्याच कमरेला. मग हाका मारून माणसं जमवली आणि बादल्या घेऊन सगळे आत शिरलो. नरसव्वा आपल्या चुलीतला विस्तव खापरातून घेऊन आली होती. अप्पा उकिडवे बसून फुंकणीने चूल फुंकत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"तुराट्या ओल्या हायत," आमच्याकडे न बघता ते म्हणाले.

मी एक तुराटी उचलून मोडली. कडकडीत वाळलेली होती.

"ओल्याच आहेत, अप्पा," मी म्हणालो, आणि आम्ही बादल्या दाराशी ठेवून चहाला बसलो.