सुलभाच्या नंबराचे दोन अवयव

पहिल्या भेटीत साळवेंनी माझं नाव-गाव विचारलं नाही. माझ्या सायकलच्या कराच्या बिल्ल्यावरचा आकडा वाचला, दोन हजार चारशे एकतीस, डोळे मिटले आणि म्हणाले, "अकरा, तेरा, सतरा. तिन्ही मूळ संख्या. घराणं चांगलंय."

मी कपाळाला हात लावला. शेजार लाभला तो असा!

ही ऐंशीच्या आसपासची गोष्ट. नाशिकरोडला आमची भिंतीला भिंत. साळवे सरकारी कचेरीत कारकून. बायको जाऊन आठ वर्षं झालेली, घरात ते आणि मुलगी सुलभा. कुठलाही मोठा आकडा दिसला की यांचं सुरू, "आधी भाग लावून बघू." आकडा ते कधी पाठ करत नसत. त्याचे अवयव तेवढे लक्षात ठेवायचे आणि लागेल तेव्हा मनातच गुणाकार करायचे. "आकडा विसरतो माणूस, घराणं विसरत नाही," असं वर आम्हालाच ऐकवायचे. आणि अशा माणसाची मुलगी दहावीला नापास झाली, तीही गणितात.

सुलभा पुन्हा बसली. साळवेंनी तिचा परीक्षेचा नंबर दोनपासून एकेका मूळ संख्येनं भागत नेला, तेव्हा कुठे एकशे एकोणचाळीसनं भाग गेला. नंबर आम्हाला कधी सांगितला नाही, पण अवयव गल्लीभर सांगितले. "एकशे एकोणचाळीस गुणिले एकशे एकोणपन्नास. दोघंच, आमच्या घरासारखे. तिसऱ्याला मधे जागा नाही."

पास झाली तर पुण्याला नर्सिंगला जाणार होती. नापास झाली तर मामानं आणलेलं इथलंच, नाशिकरोडचं स्थळ, आणि पोरीला ते नको होतं.

निकालाच्या सकाळी ती सायखेड्याला मावशीकडे, हॉल तिकीट तिच्याचजवळ. पास झालेल्यांचे नंबर छापलेला पेपर मी उघडला. साळवेंनी डोळे मिटले. "वीस हजार आठशे अकरा."

मी बोट फिरवलं. आठशे नऊ, मग एकदम आठशे चौदा. पुन्हा पाहिलं. नव्हता.

साळवे ओट्यावर बसले. आता नवाच्या एसटीनं पोरगी येणार, तिला सांगायचं कुणी?

"पुन्हा गुणा तरी," मी चिडून म्हणालो.

"गुणाकार माझा चुकत नाही, देसले."

मग मीच पेन्सिल घेतली. माझं गणित यथातथाच. पेपरच्या कडेला मांडलं, दोनदा खोडलं, तिसऱ्यांदा उत्तर आलं वीस हजार सातशे अकरा. शंभराचा फरक. बोट वरच्या रांगेत नेलं.

"साळवे, आहे. पास झाली हो पोरगी."

ते उठले नाहीत. माझा गुणाकार ओळीओळीनं तपासला.

"बरोबर आहे तुमचं," ते हळूच म्हणाले. "रात्रीपासून मनात येत होतं, नसावा नंबर, म्हणजे पोरगी पुण्याला न जाता इथंच राहील. बापाच्या मनात असं यावं का हो?"

इतकी वर्षं त्यांची टिंगल केल्याची लाज वाटली.

त्यांनी चपला घातल्या. "पोरीचे एकशे एकोणपन्नास काढून घेतले की उरतो तो बाप मूळच. कशानंच भाग जात नाही त्याला," म्हणाले. मग मला पेढे आणायला सांगून, माझीच सायकल घेऊन तिला आणायला स्टँडवर गेले.