जपानच्या बांधीत सावित्रीबाई

"आपला इंद्रा जपानात गेलाच समजा!" सालेकसा स्टेशनजवळच्या चहाच्या ठेल्यावर ईश्वरदासनं हे एवढ्या जोरात जाहीर केलं, की फलाटावरच्या गाडीतले दोघंतिघं खिडकीतून वाकून पाहू लागले.

कारणही तसंच होतं. जपानात म्हणे पोरं जन्मायचीच कमी झाली होती, आणि म्हातारे शंभरी गाठल्याशिवाय हलायचं नाव घेत नव्हते. परिणाम? धानाची शेतं तयार, चिखल तयार, रोवायला माणूसच नाही! इकडे ईश्वरदासचा इंद्रकुमार बी.ए. होऊन दोन वर्षं खाटेवर लोळत होता. नागपूरच्या एका एजन्सीनं सूत जुळवलं. मुलाखत मोबाइलवर होणार होती. अट एकच! उमेदवारानं खऱ्याखुऱ्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात उतरून रोवून दाखवायचं.

घोडं तिथंच अडलं. इंद्रकुमारचा पाय आजवर बांधीत पडला होता तो फक्त सेल्फीपुरता.

"बाबा, मले रोवता नाही येत ना!"

"चूप! तू फक्त तोंड दाखव. हात तुह्या मायचे!"

असा बेत ठरला. आधी कॅमेरा इंद्रकुमारच्या तोंडावर, मग खाली चिखलात. तिथं सावित्रीबाईचे हात, पोराचा लांब बाह्यांचा शर्ट घालून!

"अन् बांगड्या?" सावित्रीबाईनं विचारलं.

"बाहीत कोंब!"

"अन् पकडले गेलो तं?"

"पकडते कोन? तो जपानवाला तिकडं समुद्रापलीकडं बसून राहिला!"

ठरल्या दिवशी मोबाइलवर दोन चेहरे उमटले. एक जपानचे ओकाबे साहेब आणि दुसरी एजन्सीची दुभाषी पोरगी, नाव भूमिका. ईश्वरदासनं नमस्कार केला. साहेब मान हलवून म्हणाले, "हाय! हाय!"

ईश्वरदास हरखलाच. "अबे इंद्रा, हा तं आपलीच बोली बोलून राहिला!"

"काका, हाय म्हणजे होकार," भूमिका म्हणाली.

"मंग आपल्यातबी तेच ना!"

रोवणा सुरू झाला. सावित्रीबाईचे हात शिलाई मशीनच्या सुईसारखे चालू लागले. टप, टप, टप! रांग अशी सरळ, की वरून रेल्वे चालवावी! ओकाबे साहेब कॅमेऱ्याच्या इतके जवळ आले, की मोबाइलभर फक्त त्यांचं नाक दिसू लागलं. ईश्वरदासच्या अंगावर आनंदानं काटा आला. पोरगं गेलंच!

तेवढ्यात भूमिका म्हणाली, "साहेबांना चेहरा आणि हात एकदमच बघायचेत!"

झाली का पंचाईत! दोन माणसांचं एक माणूस करायला ईश्वरदास मोबाइल धरून मागं सरकला, आणखी सरकला, आणि धप्पकन चिखलात उताणा! हात मात्र वरच होता. त्या हातातल्या मोबाइलनं जपानला सगळं जसंच्या तसं दाखवलं. लुगड्यावर शर्ट, बाहीतून सुटलेल्या हिरव्या बांगड्या, मुठीत पऱ्ह्यांची, धानाच्या रोपांची पेंडी, आणि बाजूला खिशात हात घालून उभा उमेदवार!

"काका, हे हात कोणाचे?" भूमिकानं विचारलं.

ईश्वरदासच्या तोंडात चिखल होता. बोलली सावित्रीबाई. "माह्ये हायत. पोराले काही येत नाही. चूक आमची, माफी करा."

साहेब उठून उभे राहिले. आता फोन कापतो, असं वाटलं. पण त्यांनी चक्क कमरेत वाकून नमस्कार केला, आणि मग भडाभडा बोलत सुटले.

"साहेब म्हणतात," भूमिकाचा आवाज उत्साहानं चिरकला, "त्यांच्याकडे रोवायची मशीन आहे, पण ती कोपऱ्यात पोचत नाही. कोपरे हातानं रोवणारं माणूस ते तीन वर्षांपासून शोधताहेत. काकू, तुम्ही याल का?"

"हे?" ईश्वरदास चिखलातून ओरडला. "हे कायची जाते! गोंदियाच्या पुढं गेली नाही कधी!"

सावित्रीबाईनं हातातली पेंडी खाली टाकली. "पंचवीस वरस तुमच्या बांधीत रोवना रोवला जी. 'चांगला झाला' असं एकदाबी म्हटलं का तुम्ही? हा मानूस उभा राहून वाकला." आणि मोबाइलकडं वळून ठणकावून म्हणाली, "हाय!"

हिवाळाभर ती ढोरांना चारा टाकता टाकता जपानी शिकली. उन्हाळ्याच्या तोंडावर गोंदिया स्टेशनावरून निघाली, तेव्हा ईश्वरदासनं डोळे पुसले आणि डोळ्यांत कोळसा गेल्याचं सांगितलं. गाडी विजेची होती.

पुढच्या रोवण्याला ईश्वरदास गावात बाया शोधायला गेला, तर निम्म्या भूमिकानं गावात उघडलेल्या जपानीच्या वर्गात, "हाय, हाय" म्हणत बसलेल्या! शेवटी छत्तीसगडहून मजूर आणवले. तेही कमी पडले, म्हणून बापलेक स्वतः बांधीत उतरले. ईश्वरदासची रांग नागमोडी झाली. अर्धे पऱ्हे तर वर येऊन तरंगू लागले.

शेजारच्या रांगेतली छत्तीसगडी बाई बराच वेळ बघत होती. तिला त्याची कीव आली असावी.

"कका, नवा आए हस का?" तिनं त्यालाही परगावाहून आलेला मजूर समजून मायेनं विचारलं. "कोन गाँव ले आए हस कमाए बर?"

ईश्वरदासनं आपल्या बापजाद्यांच्या बांधीकडं पाहिलं, त्या रांगेकडं पाहिलं, आणि मान खाली घालून पुटपुटला, "बहुत दूरून, बाई. बहुत दूरून!"