बॅरिस्टर खरातांचं चेंबर

बॅरिस्टर खरात नव्या माणसाला नाव विचारत नाहीत. काम विचारत नाहीत. बसासुद्धा म्हणत नाहीत. चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढतात आणि विचारतात, "नाळ कुठं पुरली?"

बायका लाजतात, पुरुष इकडेतिकडे बघतात. कॅनडाला निघालेला एक तरुण मुलगा माझ्यासमोर म्हणाला होता, "सर, तसं डॉक्युमेंट माझ्याकडे नाहीये." बॅरिस्टरांनी त्याला तिथूनच आईला फोन लावायला लावला. फोनवर आई म्हणाली, "वैजापूरला, गोठ्यामागं. का रे, काय झालं?" बॅरिस्टरांची तसल्ली झाली. "जा आता खुशाल कॅनडाला," ते म्हणाले. "कुठून निघालो तेच ठावं नसंल, तर पोचल्यावर काय सांगशीन?"

आम्ही गारखेड्यात राहतो. इमारतीच्या खाली एका बाजूला पिठाची गिरणी, दुसऱ्या बाजूला ब्यूटी पार्लर आणि मधल्या शटरमध्ये बॅरिस्टर. पाटीवर मोठ्या अक्षरात 'चेंबर्स' आणि खाली बारीक अक्षरात 'पासपोर्ट, व्हिसा, नागरिकत्व' असं लिहिलंय. लंडनला वकिलांच्या कचेरीला चेंबर्स म्हणतात म्हणे. गारखेड्यात चेंबर म्हणजे गटाराचं. एकदा महापालिकेचा माणूस लांब बांबू घेऊन हजर झाला. "कोणतं तुंबलंय?" त्यानं विचारलं. "माझंच," बॅरिस्टर फाईलमधून मान वर न काढता म्हणाले. "दिल्लीकडून निचराच होईना."

काळा कोट ते मे महिन्यातही काढत नाहीत. खाली चप्पल, वर कोट. "समोरच्याला कायदा दिसला पाहिजे," असं त्यांचं म्हणणं. पण गिरणी सुरू झाली की तो कायदा पांढरा व्हायला लागतो. कोटाकडे बघून आज गहू दळलेत की बाजरी, ते मी सांगू शकते.

ते मूळचे गंगापूरकडचे. शिष्यवृत्तीवर लंडनला गेले, बॅरिस्टर झाले, परमुलखात अडकलेल्या लोकांचे खटले तिथं बरीच वर्षं लढले. मग एक दिवस परत आले आणि इथली सनद घेऊन गिरणीशेजारी बसले. का आले, यावर गल्लीत मतं आहेत. पार्लरवाली म्हणते, थंडी सोसली नसेल. गिरणीवाला म्हणतो, ज्वारीची भाकरी मिळत नसेल. आमचे हे म्हणतात, आपल्याला काय करायचंय.

आम्ही गुहागरकडचे. मी आठवीतून शाळा सोडली. आमचे हे शेंद्र्याच्या एका कारखान्यात कँटीनला स्वयंपाकी आहेत आणि मी घरून डबे देते. एक डबा बॅरिस्टरांचा. पहिल्या आठवड्यात त्यांनी डबा उघडून मला हाक मारली होती.

"कोकणताई, ही भाजी कशाची?"

"दुधी आहे."

"दुधी कुठाय? मला तर खोबरंच सापडू राहिलं. पुराण नको, पुरावा दाखवा."

'पुराण नको, पुरावा' हे त्यांचं पालुपद. पक्षकार रडायला लागला तरी हेच. फक्त तेव्हा आवाज जरा खाली असतो.

आता आमचं पुराण सांगते, म्हणजे त्यांचे उपकार कळतील.

लग्नानंतर आम्ही मस्कतला होतो. हे कामगारांच्या मेसमध्ये स्वयंपाक करायचे. कंपनी बुडाली, मालक पळाला आणि आमचे पासपोर्ट त्याच्याबरोबर गेले. व्हिसा संपला. आम्ही एका खोलीत लपल्यासारखे राहत होतो. दारावर थाप पडली की मी दिवा मालवायची. त्यातच तन्वी झाली. दवाखान्यातल्या केरळच्या सिस्टरनं जन्माचा दाखला मिळवून दिला. तो अरबीत. मुलीची नोंद वर्षाच्या आत आपल्या वकिलातीत करायची असते हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी गेलो नसतो, पकडतील म्हणून. पुढे तिथल्या सरकारनं माफी जाहीर केली, वकिलातीनं एकदाच प्रवास करता येईल असा कागद दिला आणि आम्ही तिला कडेवर घेऊन आलो.

शेंद्र्याला काम मिळालं तेव्हा आम्ही आधी करमाडला राहायचो. शाळेत नाव घालायला गेले तर गुरुजींनी अरबी दाखला उलटा-सुलटा करून पाहिला. माझा चेहरा पाहिला. म्हणाले, "ताई, खामखा भानगड नको. लेकरू करमाडला जन्मलं असं लिहितो." मी त्यांच्या पाया पडले. इतका भला माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

तन्वी बारावीला गेली. तिला नर्सिंगला जायचं होतं. जन्माचा दाखला मागितला, तर करमाडला नोंद कुठून असणार? यांना कारखान्यात एक एजंट भेटला. म्हणाला, "करमाडचाच दाखला काढून देतो, बिनधास्त रहा." हे तयार झाले. मी हो म्हणाले आणि मला झोप लागेना. तशीच डबा घेऊन खाली गेले आणि डबा न ठेवता उभी राहिले.

बॅरिस्टरांनी वर पाहिलं. "लेकीची नाळ कुठं पुरली?"

माझी पुरली फणसाखाली, मला माहीत आहे. तन्वीची मस्कतच्या दवाखान्यात कुठं गेली, देव जाणे. मी रडायलाच लागले आणि सगळं सांगून टाकलं.

त्यांनी मध्ये एकदाही टोकलं नाही. शेवटी म्हणाले, "एजंटला नाय म्हणा."

"पण साहेब, तो म्हणतो पटकन होईल."

"व्हईल. आन मग लेक बी तुमच्यावानी जन्मभर दारावरच्या थापेला दचकंल. चालंल?"

माझं दचकणं त्यांनी कधी पाहिलं होतं कोण जाणे.

मग त्यांनी समजावलं. आईबाप भारतीय असले तरी नोंद नसल्यामुळे तन्वी कागदोपत्री कुठलीच नव्हती. अठरा पूर्ण व्हायच्या आत अर्ज गेला तर तिची नोंदणी होऊन नागरिकत्व मिळू शकत होतं. नंतर तो रस्ता बंद. आणि अठरा तोंडावर आले होते. अडचण एकच. अरबी दाखला म्हणत होता मस्कत आणि शाळेचा दाखला म्हणत होता करमाड. "दोन गावी जन्मायला ती काय देव हाय का?" बॅरिस्टर म्हणाले. "चला करमाडला."

गुरुजी आता निवृत्त झालेत. मी, तन्वी आणि बॅरिस्टर गेलो तेव्हा अंगणात बाज टाकून बसले होते. ही नोंद मी चुकीची केली, असं त्यांनी शपथेवर लिहून द्यायचं होतं. काळा कोट बघूनच ते उठून उभे राहिले.

"मी काय बी लिहिलेलं नाय," ते आधीच म्हणाले.

मला वाटलं, आता बॅरिस्टर कलमं काढतील. ते बाजेवर बसले आणि पाणी मागितलं. मग ज्वारी कशी आहे विचारलं, म्हशीची चौकशी केली. भाकरी आली, ठेचा आला. ठेच्याकडे बघून म्हणाले, "कोकणताई, ह्याला म्हणतात पुरावा." गुरुजी हसले. मी मात्र घामानं भिजले होते. तिथं दिवस सरत चालला होता आणि हे म्हशीवर बोलत होते.

शेवटी गुरुजीच म्हणाले, "बॅरिस्टरसाहेब, माझ्यावर केस व्हईल. पेन्शन जाईल."

"गुरुजी, तुम्ही लेकरावर माया केली. ती कागदात चुकीच्या रकान्यात जाऊन बसली. रकाना तेवढा दुरुस्त करायचा हाय. माया तिथंच ऱ्हाऊ द्या."

गुरुजी तन्वीकडे बघत राहिले. "हीच का ती? पहिल्या दिवशी माझं धोतर धरून बसली होती." आणि चष्मा आणायला आत गेले.

अर्ज गेला. कलेक्टर कचेरीतून बोलावणं येणार होतं, त्याची बॅरिस्टरांनी आमच्याकडून तालीम करून घेतली. तालमीपुरता ते कोट काढतात. कोट खुंटीला टांगला की ते वकील नाहीत, 'साहेब' आहेत. खुर्ची फिरवून बसतात, तोंड आंबट करतात आणि समोरच्याला इतकं टाकून बोलतात की पार्लरमधल्या बायका अर्ध्या भुवया घेऊन बघायला येतात.

"हं," ते माझ्याकडे बघून गुरकावले.

"साहेब, माझी चूक झाली," मी म्हणाले.

"ताई, मी अजून काय बी विचारलं नाय."

तन्वी मात्र घाबरत नव्हती. "तू भारतीय कशावरून?" त्यांनी दरडावलं. ती म्हणाली, "मग दुसरी कोण आहे, तुम्हीच सांगा." बॅरिस्टर खूश झाले, पण साहेब होते म्हणून हसले नाहीत. उठून कोट घातला, मग हसले.

कचेरीत खरी साहेब निघाली एक तरुण बाई. तिनं फाईल मिटली आणि मला विचारलं, "पाणी हवंय का?"

"साहेब, माझी चूक झाली," मी म्हणाले.

तिनं बॅरिस्टरांकडे पाहिलं. बॅरिस्टर छताकडे बघत होते. मग तिनं गुरुजींचं शपथपत्र पुन्हा एकदा नीट वाचलं. "खोटं लपवायला लोक येतात," ती म्हणाली. "खरं लिहून द्यायला सहसा कुणी येत नाही." शेरा मारला आणि फाईल पुढे गेली.

त्यानंतरचे वाट बघण्याचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. भाजीत दोनदा मीठ पडायचं. बॅरिस्टर निमूट खायचे. रोज दिल्लीला फोन करायचे, फोनवर इंग्रजीत भांडायचे आणि ठेवून मला मराठीत म्हणायचे, "बेफिकीर रहा."

प्रमाणपत्र आलं तेव्हा तन्वीच्या अठराव्या वाढदिवसाला थोडेच दिवस उरले होते. बॅरिस्टरांनी ते तिच्याकडून मोठ्यानं वाचून घेतलं. गिरणीवाल्यानं गिरणी थांबवली होती. वाचून झाल्यावर यांनी त्यांचे पाय धरले तर ते ओरडले, "उठा! पुढला पक्षकार बसलाय," आणि बाकावरच्या माणसाला विचारलं, "नाळ कुठं पुरली?" आम्ही वर आलो. त्या रात्री मी इतकी गाढ झोपले की सकाळी दूधवाल्यानं दार वाजवलेलं मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आणि तन्वी खाली गेलो. डबा देऊन झाला होता. हातात काही नव्हतं. चेंबरमध्ये ते एकटेच होते. आम्हाला पाहून ताडकन उठले.

"काय, त्रुटी निघाली?"

"नाही हो."

"पोलीस आले?"

"नाही."

"मग काय झालं?"

"काही नाही. सहज आलो."

त्यांनी तो शब्द पहिल्यांदाच ऐकल्यासारखा चेहरा केला. टेबलावरची एक फाईल उचलली, ती आमची नव्हती, परत ठेवली. "ताई, जिंकलेला पक्षकार वापस येत नसतो," ते म्हणाले. "येऊ बी नये. आला म्हंजी माझं काम कच्चं ऱ्हायलं."

तन्वी बाकावर बसलीसुद्धा होती. तिनं विचारलं, "सर, तुमच्या घरी कोण कोण असतं?"

इतकी वर्षं मी त्यांना एकाच माणसाचा डबा देत होते. मी कधी विचारलं नव्हतं.

"मुलगा हाय लंडनला," ते म्हणाले. "बायको गेली, म्हणलं चला गावाकडं. त्यो म्हणला, मी हितंच ऱ्हाणार. म्हणलं ऱ्हा. मग त्याच्या तिथल्या नागरिकत्वाचा अर्ज मीच केला. दुसऱ्याला कशाला करू द्यायचा? लई चोख केला. एक त्रुटी निघाली नाय." चष्मा काढून ते काचा पुसायला लागले. "त्यो बी जिंकला. त्यो बी वापस आला नाय."

तन्वीनं सरकून बाकावर जागा केली. ते टेबलाला वळसा घालून आले आणि कडेला अंग चोरून बसले, पक्षकार बसतात तसे.

"सहज आलेल्या माणसाशी काय बोलायचं असतंय?" त्यांनी मला खरोखरच विचारलं.

"काहीही," मी म्हणाले.

त्यांनी खूप विचार केला. मग घसा खाकरला आणि कोर्टात मुद्दा मांडावा तसं म्हणाले, "आज ऊन लई हाय."

"हो ना," मी म्हणाले. "कालच्यापेक्षा जास्तच."

आणि आम्ही तिघं उन्हावर बोलत बसलो.