एका ओतातली काठी

आमच्या शेजारचे बंडाआप्पा रोज सकाळी अंगणातली वाळू चाळतात. चाळून झाली की तिच्यावर पाणी शिंपडतात, मूठभर उचलून आवळतात आणि मूठ उघडून बघतात. गोळा अखंड राहिला तर खूश. फुटला की पुन्हा पाणी. मग थापीने अंगण इतकं गुळगुळीत करतात की त्यावर पापड लाटावेत. आणि मग त्यावर गोल्फ खेळतात.

आप्पांनी चाळीस वर्षं शिरोलीच्या एका फौंड्रीत साचे घातले. वितळलेलं लोखंड ओतायला वाळूचा साचा लागतो, त्यामुळे वाळू सोडून कशावर त्यांचा विश्वास नाही. गोल्फ हिरवळीवर खेळतात असं त्यांच्या मुलाने फोनवर सांगितलं, तेव्हा म्हणाले, "गवताला लेव्हल कुठली आलीया?"

दुसरी गोष्ट म्हणजे त्यांना जोड चालत नाही. "वस्तू एका ओतात झाली पायजे. जोड आला की मोडायची जागा आली." सांधलेली दोरी नको, ठिगळाचा शर्ट नको. एकदा आक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, कालची आणि आजची आमटी एकत्र केली, तीही त्यांनी ओळखली. "ह्यात जोड हाय," म्हणाले आणि ताट सरकवलं. "मग ओता नवी," म्हणत आक्कांनी त्यांच्या हातात पळी दिली.

गोल्फचं असं झालं. मुलगा ऑस्ट्रेलियात असतो. त्याची मुलगी गार्गी तेव्हा सहा वर्षांची होती. व्हिडिओ कॉलवर तिने छोट्या काठीने चेंडू मारून दाखवला आणि काहीतरी विचारलं. "बाबा, तुम्हाला येतं का विचारतेय," मुलगा म्हणाला.

"व्हय की! रोज खेळतोय," आप्पांनी ठोकून दिलं.

फोन बंद झाल्यावर आक्का कडाडल्या. "पोरगी मे महिन्यात यायची हाय. खेळ म्हटली तर काय लगोरी मांडणार?"

आप्पांचं साधं बोलणंसुद्धा गल्लीच्या टोकाला जातं. त्या दिवशी मात्र मला भिंतीला कान लावावा लागला. "तिला मराठी येत न्हाय, मला इंग्लिश येत न्हाय. पंधरा दिवस एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसायचं का? खेळताना बोलाय लागत न्हाय."

काठी त्यांनी जुन्या कारखान्यात जाऊन स्वतः ओतली. दांडा आणि डोकं एकाच ओतात, अस्सल बिडाची. रिक्षातून ती आप्पांनी आणि रिक्षावाल्याने मिळून उतरवली. पहिल्या दिवशी आप्पांनी काठी फिरवली की काठीने आप्पांना, ते मला नीट दिसलं नाही, पण आक्कांच्या जास्वंदीची कुंडी गेली. तिसऱ्या दिवशी काठी पायरीच्या कडेवर आपटली आणि तिचे दोन तुकडे झाले. आप्पा बराच वेळ तुकडे न्याहाळत बसले. "वाळूत चूक नव्हती," म्हणाले.

"ह्या वयात माणसं काठी टेकायला धरत्यात," आक्का म्हणाल्या. "ह्यांनी फिरवायला धरलीया."

मग भंगारवाल्याकडे गोल्फची खरी काठी सापडली, तीन चेंडूंसकट. आप्पांनी तिच्या डोक्याचा जोड बोटाने चाचपला. "टिकायची न्हाय ही." ती अजून टिकून आहे.

शिकवायला मोबाईलमधला एक गोरा माणूस. त्याचा आवाज आप्पा बंद ठेवतात. "बोलण्यानं घोटाळा होतोय. नुसतं हात बघायचं." अंगणाच्या टोकाला त्यांनी आक्कांचा पितळी तांब्या गळ्यापर्यंत पुरला. चेंडू आत पडला की टण वाजायला हवं. पहिले सहा महिने टण सोडून सगळे आवाज झाले. पत्र्याचा, बादलीचा, कुत्र्याचा, आक्कांचा. चेंडू आमच्याकडे आला की आप्पा ओरडत, "वैनी, पावणं आल्यात का वो तिकडं?" मी चेंडू पुसून गुपचूप भिंतीवर ठेवायची. मला बोलायची सवय नाही. एकदा तो ताकाच्या पातेल्यात सापडला, तोही धुऊन ठेवला. आप्पांनी हुंगून बघितला. "ताक झ्याक झालंय की वैनी!"

साच्यातून लाकडी नमुना उचलताना श्वास धरावा लागतो, नाहीतर वाळूची कड ढासळते. चाळीस वर्षं त्यांनी तेच केलं होतं. एका सकाळी तसाच श्वास धरून त्यांनी चेंडू हळूच ढकलला. टण.

आक्का पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. "वाजला?"

"वाजला."

"मग आता काढा तो. पाण्याला पायजे."

तांब्या निघाला नाही. हल्ली दहातले आठ चेंडू आत जातात. त्या टण-टणवर माझ्या भाकऱ्या थापून होतात.

पण गार्गी आली नाही. पहिल्या मे महिन्यात मुलाने नोकरी बदलली. दुसऱ्या वर्षी रजा मिळाली नाही. यंदा नक्की होतं. आप्पा अंगण दोनदा चाळत होते. मागच्या आठवड्यात मुलाचा फोन आला. आप्पांचा फोन म्हणजे साऱ्या गल्लीचा फोन. तिकिटं रद्द केली होती.

"असू दे, असू दे," आप्पा म्हणाले. "पोरगीला जरा भिंतीला उभी कर की. उंची किती झाली सांग."

दुसऱ्या दिवशी चाळणीचा आवाज आला नाही. टणही नाही. माझ्या भाकऱ्या वेड्यावाकड्या झाल्या. मग भिंतीपलीकडून हाक आली. "वैनी, जरा येतासा का? आमची ही वाडीला गेलीया दर्शनाला. एक वस्तू धराय पायजे."

मी पदर सावरून गेले. आप्पांच्या मांडीवर एक छोटी काठी होती. डोकं लाकडाचं, घासून गुळगुळीत केलेलं, दांडा बारीक नळीचा. मी ती घट्ट धरली आणि आप्पा वरच्या टोकाला नळीचा एक तुकडा बसवून स्क्रू पिळू लागले. त्या तुकड्याच्या खाली चार बोटांवर एक जोड होता. त्याच्याखाली आणखी एक. सहा वर्षांची, मग सात, मग आठ. आता नऊ.

मी जोडांकडे बघतेय हे त्यांच्या ध्यानात आलं. चोरी सापडल्यासारखे ते खाली बघू लागले.

"जोड हाय," म्हणाले. मग टोकावर अंगठा फिरवत, "अजून एक बसंल हितं."

तीन वर्षांत मी त्या अंगणाशी एक शब्द बोलले नव्हते.

"टिकंल की आप्पा," मी म्हणाले.

त्यांनी काठी कानाशी धरून बोटाने ठोकून ऐकली. मग गुडघ्यावर हात टेकून उठले आणि ओट्याखाली वाकले. "चाळणी कुठं ठेवलीया कुणास ठाऊक हिनं."