नानासाहेबांच्या मोटारीचं इंजिन

मुलाचं लग्न आठवड्यावर आलं आणि नानासाहेबांच्या मोटारीचं इंजिन उतरून अंगणात पोत्यावर येऊन बसलं. पोलीस ॲक्शननंतर वडिलांनी एका जहागीरदाराकडून घेतलेली ही विलायती मोटार. चिकलठाण्यात तशी दुसरी नव्हती. सुपारी फुटली त्या दिवशी नानासाहेबांनी व्याह्यांना, म्हणजे पाचोडच्या तात्यासाहेबांना, छाती फुगवून सांगितलं होतं की नवरदेव मांडवात येईल तो याच मोटारीतून. तात्यासाहेब नुसते हसले होते. ते हसू नानासाहेबांच्या फार जिव्हारी लागलं होतं.

बन्सी मिस्त्रीचं म्हणणं सरळ होतं. इंजिन झिजलंय, जुनंच बांधायचं का नवं बसवायचं तेवढं सांगा. नानासाहेब म्हणाले, बांध. वडिलांच्या मोटारीत परकं इंजिन घालणं म्हणजे वडिलांच्या फोटोला शेजाऱ्याचं तोंड चिकटवणं. त्यांच्या बायको चतुराबाई म्हणाल्या, नवं बसव. लग्न झाल्यापासून ही मोटार ढकलतेय मी. नानासाहेबांनी जेवण सोडलं. चतुराबाईंनी वाढणंच सोडलं. समजूत घालायला आलेले भाऊबंद चहा पिऊन दोघांनाही बरोबर म्हणून गेले. बन्सी रोज यायचा, इंजिनाभोवती एक फेरी मारायचा आणि परत जायचा.

या भानगडीत नवरदेवाला हळद लागली. नानासाहेबांना तात्यासाहेबांचं हसू डोळ्यांपुढं दिसायला लागलं. शेवटी बन्सीनंच डोकं चालवलं.

"वरात तशीबी नाचतच जाती. मागून पोरं लावू ढकलायला. कोनाला कळतंय?"

बॉनेटखाली जागा रिकामी झालेली बघून चतुराबाईंनी तिथं बुंदीच्या लाडवांची टोपली ठेवून दिली. घरात मुंग्या फार झाल्या होत्या.

लग्न चिकलठाण्यातच होतं. मारुतीच्या देवळापासून वरात निघाली. मोटार न खोकता, न धुरकटता बँडच्या तालावर सरकत होती. मागची पोरं नाचताहेत की ढकलताहेत हे कुणालाच कळेना. नानासाहेब स्टिअरिंगवर बसून उगीचच गिअर बदलत होते. मांडवाच्या अलीकडं उतार आहे, हे मात्र कुणाच्या ध्यानातच नव्हतं. मोटार पोरांच्या हातून सुटली, बँडवाले क्लॅरिनेटसकट गटारीत उतरले आणि नानासाहेबांनी जीव खाऊन ब्रेक दाबला तेव्हा ती तात्यासाहेबांच्या धोतराला टेकून थांबली.

तात्यासाहेबांनी बॉनेटला कान लावला.

"चालू हाय?"

"व्हय," नानासाहेब म्हणाले. त्यांच्या फेट्यातून घाम ओघळत होता.

"उघडा बरं. असलं बिनआवाजी इंजन बघायचंय मला."

बॉनेट उघडलं. तात्यासाहेबांनी टोपलीकडं बराच वेळ पाहिलं. मग एक लाडू उचलला, तो सावकाश खाल्ला आणि बॉनेट स्वतःच्या हातानं लावलं.

"थोरलीच्या वरातीत आमच्या जिपनं धूर सोडून जावायाला पार काळाठिक्कर केला व्हता," ते हळूच म्हणाले. "धाकटी अजून उजवायची हाय. तिच्या लग्नाला हीच पाठवा. अन् तवर इंजन बसवू नका."

दुसऱ्या दिवशी बन्सी आला. बांधू का बदलू, असं त्यानं सवयीनं विचारलं. संसारात पहिल्यांदाच नवराबायको एका सुरात "राहू दे" म्हणाले.

इंजिन अजून अंगणातच आहे. चतुराबाई त्याच्यावर पापड वाळत घालतात. नानासाहेबांची त्याला हरकत नाही. पापड तेवढे उडदाचे हवेत, वडिलांना मुगाचे चालत नसत.