थंडीआधी रंगवलेली पाटी

कोल्बर्न्स फोर्ड गावाच्या नगरपरिषदेने ऑक्टोबरात एकमताने ठराव केला, की हिवाळ्यात रंग वाळत नाही. ठरावात खोटं काहीच नव्हतं. इंडियानातल्या थंडीत पत्र्यावर रंग धरत नाही, आणि वसंत ऋतूत गावचा एकमेव रंगारी मक्याच्या पेरणीला लागतो. राज्यातल्या सर्वोत्तम शालेय बास्केटबॉलपटूचा किताब मात्र नेमका वसंतातच जाहीर होतो. सबब, गावाच्या वेशीवरची पाटी आत्ताच रंगवून घ्यावी, असं ठरलं. शेवटच्या कणसाच्या काढणीआधी हमरस्त्यावर निळ्या अक्षरांत झळकलं : ‘राज्यातील सर्वोत्तम खेळाडू ओडेसा टॉलिव्हर हिचे गाव.’

खेळांचा हंगाम अजून सुरू व्हायचा होता.

यात उतावीळपणा होता असं कुणी म्हणेल. पण शेजारच्या बेथेल ग्रोव्हच्या वेशीवर अशी पाटी कित्येक वर्षांपासून आहे आणि मोठं वाणसामानाचं दुकान नेमकं तिकडेच आहे. दूध आणायला जाताना दर वेळी दुसऱ्याचा पराक्रम वाचावा लागणं म्हणजे काय, हे ज्याला दूध आणावं लागतं त्यालाच कळेल. शिवाय ओडेसाच्या खेळाविषयी दुमत नव्हतंच. अख्खं गाव बसून वर जागा उरेल एवढ्या आमच्या खेळाच्या सभागृहात ती चेंडू हातात घेऊन वळली, की म्हातारी माणसं तोंडातला घास चावायची थांबत.

पाटीला आशीर्वाद द्यायला पाद्री एनॉक गेदर्स यांना बोलावलं होतं. ते ओडेसाचे सख्खे मामा. पोर चालायला लागल्यापासून त्यांच्याच घरी वाढलेली. पाद्रीबाबांचं प्रवचन हे नुसतं बोलणं नसे. दोन वाक्यं बोलायची, तिसरं गुणगुणायचं, चौथ्याला सूर लावायचा, आणि पाचव्याला सगळी मंडळी बाकं सोडून उभी. ऐकणाऱ्याचा आठवड्याचा शीण तिथेच उतरायचा. पाटीपुढेही ते असे गायले की रंगाऱ्याने टोपी काढली. गाऊन झाल्यावर मात्र त्यांनी नगराध्यक्ष हार्लन स्प्रेग यांना बाजूला घेतलं आणि ‘पाद्री गेदर्स यांची भाची’ एवढं खाली बसेल का, असं सहज विचारलं. जागा नव्हती.

आता पाटी लागली म्हटल्यावर ती खोटी पडू न देणं ही सार्वजनिक जबाबदारी झाली. त्यासाठी एक समिती नेमण्यात आली. तिची पहिली नजर गेली ती चर्चच्या मागच्या भिंतीवरच्या, बास्केटबॉलची जाळी लावलेल्या लोखंडी रिंगणाकडे.

हे रिंगण पाद्रीबाबांनीच ठोकलं होतं. दर शनिवारी संध्याकाळी ते आत रविवारचं प्रवचन जुळवायला बसत आणि ओडेसा बाहेर खडीवर खेळत असे. तिचा चेंडू जमिनीवर धप्प धप्प वाजायचा आणि त्या ठेक्यावर पाद्रीबाबांची वाक्यं चालू लागायची. ती थांबून नेम धरी, तिथे ते श्वास घेत. चेंडू जाळीतून सळकन उतरला, की आत ‘आमेन’. ही जुगलबंदी दोघांनी ठरवून केलेली नव्हती. दोघांनाही ती ठाऊक होती, एवढंच.

समितीच्या मते खडीवर घोटा मुरगळू शकत होता. चेंडू काढून घेण्यात आला. पाद्रीबाबांची संमती विचारली, तेव्हा ते म्हणाले, चार महिन्यांचाच तर प्रश्न आहे.

मग जिन्याचा विषय निघाला. वरच्या मजल्यावर भरणारा रसायनशास्त्राचा वर्ग ओडेसासाठी खाली, शाळेच्या स्वयंपाकघरात आणला. तिथे एकदा कसलीशी पांढरी भुकटी साखर समजून ‘पाय’ नावाच्या फळं भरून भाजलेल्या गोड पदार्थात पडता पडता राहिली, पण गावाने कुरकुर केली नाही. तिने पिशव्या उचलायच्या नाहीत, कुत्र्याला फिरवायचं नाही, ओल्या फरशीवर चालायचं नाही. खाणावळीत तिच्या पुढ्यातली डुकराच्या मांसाची तळलेली वडी, जी पावाबाहेर चारी बाजूंनी लोंबते, ती दुसरं कुणीतरी कापून देऊ लागलं. सुरीला धार असते.

पुढची अडचण नम्रतेची. निवड करणारे खेळाबरोबर स्वभावही पाहतात, अशी खात्रीलायक बातमी होती. ओडेसा मुळात नम्रच होती, पण ते लांबून दिसत नसे. चेंडू जाळीत गेला की ती खदखदून हसायची, लहानपणापासूनची सवय. प्रशिक्षिका बर्निस स्टॅम्पर यांनी तिला गुण मिळाल्यावर खाली फरशीकडे बघायला शिकवलं. आठवडाभर सराव झाला, त्यात चेंडू नव्हताच, फक्त फरशीकडे बघणं होतं.

“जरा जास्त वेळ बघ,” बर्निसबाई म्हणाल्या. “वरच्या रांगेतल्यांनाही कळलं पाहिजे.”

“फरशीवर काय बघू, बाई?”

“काही नाही. फक्त तुझ्यात काही विशेष नाही, असं मनात आण.”

हे ओडेसाला लवकरच जमू लागलं.

हंगाम सुरू झाला आणि समितीला सरासरीची काळजी लागली. चुकलेला नेम सरासरी खाली ओढतो. म्हणून लांबून फेकायचं बंद. मग मधल्या अंतरावरूनही बंद. डिसेंबरात असं लक्षात आलं, की दुबळ्या संघांविरुद्ध ती उत्तम खेळते आणि तगड्या संघांविरुद्ध कधी कधी चुकते. उपाय उघड होता. तगडा संघ आला की ओडेसा बाकावर. तिची सरासरी अशी चढत गेली की वर्तमानपत्रांना कौतुकाचे शब्द पुरेनात. मात्र तिकडे चर्चमध्ये शनिवारी शुकशुकाट आणि रविवारी प्रवचन लंगडं. पाद्रीबाबा सूर लावायचे आणि कुठे थांबायचं ते विसरायचे. लोक घड्याळं बघू लागले. कुणी तोंडावर बोललं नाही. प्रवचनानंतर चर्चमध्ये वाटला जाणारा गोड ‘पाय’ मात्र लोक उभ्याउभ्याच खाऊन निघू लागले.

अशात बाद फेरीचा सामना आला, आणि समोर बेथेल ग्रोव्ह. सभागृह गच्च भरलं. ओडेसा कडक इस्त्रीच्या गणवेशात बाकावर, आणि लगेच मागच्या रांगेत पाद्रीबाबा. शेवटची काही मिनिटं उरली, गाव थोडक्यात मागे होतं. ओडेसाने मान वळवली.

“मामा, तुम्ही सांगा ना त्यांना. मी जिंकून देते.”

“मला माहितीय, बाळ.”

“मग सांगा ना. तुमचं ऐकतील ते. किताब नको मला. मला खेळायचंय.”

पाद्रीबाबा अर्धवट उठले. हे गावात सगळ्यांनी पाहिलंय. शेजारी बसलेल्या स्प्रेगसाहेबांनी त्यांच्या कोटाला नुसता हात लावला आणि हळूच म्हटलं, “पाद्रीबाबा, पाटीला आशीर्वाद तुमचाच आहे हो.”

पाद्रीबाबा खाली बसले. “पाटीचा विचार कर, ओडी,” ते म्हणाले.

ओडेसाने फरशीकडे पाहिलं. पुरेसा वेळ पाहिलं. वरच्या रांगेतल्यांनाही कळलं.

सामना गाव हरलं. किताब ओडेसालाच मिळाला. मानपत्रात म्हटलं होतं, की मोक्याच्या क्षणी स्वतः मागे राहून इतरांना संधी देणारा असा खेळाडू राज्याने पाहिला नव्हता. मिरवणूक निघाली, अग्निशमनाचा बंब सजवला, पाटी अखेर खरी ठरली. चर्चमागच्या रिंगणाला कुंपण घालून तिथे दुसरी, लहान पाटी लावली : ‘सर्वोत्तम खेळाडूने येथे सराव केला. येथे खेळण्यास मनाई आहे.’ लांबून लोक येतात, फोटो काढतात आणि रिंगण केवढं साधं आहे म्हणून गहिवरतात.

ओडेसा मात्र उन्हाळ्यात सिनसिनाटीला मावशीकडे निघून गेली. तिथे एका बागेत अनोळखी लोकांबरोबर खेळते. नाव विचारलं तर मावशीचं सांगते. नेम वरचेवर चुकतो, असं तिनेच गावातल्या एका मैत्रिणीला फोनवर सांगितलं, आणि सांगताना ती हसत होती. मामावर तिचा राग होताच. पण तो आठवडाभर टिकवायचा आणि शनिवारी मोडायचा, असं तिचं काहीतरी होतं. शनिवारी संध्याकाळी ती फोन लावी, एक शब्द न बोलता तो बागेतल्या कठड्यावर ठेवी आणि खेळू लागे. इकडे पाद्रीबाबा फोन कानाशी धरून बसत. धप्प धप्प. पहिल्या शनिवारी ते नुसतेच रडले. दुसऱ्या शनिवारपासून वाक्यं चालू लागली.

सप्टेंबर संपेतो चर्चमध्ये जागा मिळेना. पाद्रीबाबा गायला लागले की बेथेल ग्रोव्हचे लोकसुद्धा उभे राहून टाळ्यांचा ठेका धरत. देवाघरचं देणं घरी परत आलं, असं सगळे म्हणाले.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी स्प्रेगसाहेब चर्चमध्ये आले. टोपी हातात, चेहरा गंभीर. राज्यातल्या चर्चसंघांनी गायिलेल्या प्रवचनासाठी नवा किताब ठेवल्याचं त्यांनी सांगितलं. जाहीर वसंतात होणार. गावाची भावना अशी होती, की तोवर पाद्रीबाबांनी घसा जपावा. रविवारी कुणीतरी वाचून दाखवेल. थंडीत गाणं म्हणजे उगाच धोका. पाटीवर खालच्या बाजूला जागा करता येईल, रंगाऱ्याशी बोलणं झालंय.

तेवढ्यात फोन वाजला. पाद्रीबाबांनी तो उचलून टेबलावर ठेवला. धप्प धप्प सुरू झालं.

“हार्लन,” पाद्रीबाबा आपसूकच हळू आवाजात, घसा सांभाळत म्हणाले, “पूर्ण नाव मावेल का?”

वाचकहो, हसायला हरकत नाही. फक्त हसण्याआधी आपल्या कपाटावर जी हार्मोनियम अभ्रा घालून ठेवली आहे, तिच्यावरची धूळ पुसून घ्या. परीक्षेत पहिल्या वर्गात आल्याचं प्रमाणपत्र भिंतीवर आहे, ते आम्ही पाहिलं. वाजवणारी मुलगी कुठे असते हल्ली?